दाबायचा नसलेला खोकला

अप्पा, आज तुमची फार आठवण आली, आणि पहिल्यांदाच रडू न येता आली. दाजीबानपेठेतलं आपलं मेडिकल आता मीच चालवते. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलताना तुम्ही मला कधी पाहिलंच नाहीत. मला आठवतं ते स्वयंपाकघर. मी शाळकरी, छातीत कफ घुरघुरतोय, आणि आई खोकल्याचं औषध आमटीच्या चमच्यात ओततेय. तुम्ही तिचा हात धरता. "हे सुक्या खोकल्याचं आहे. हिचा कफ बाहेर पडू दे. आणि औषध बाटलीच्या झाकणमापानं घ्यायचं, चमच्यानं नाही." आई वैतागते, "घरात मेडिकल, आणि पोरीला औषध नाही!" मला तेव्हा आईचंच पटलं होतं.

गेल्या महिन्यात तुमचे कापडवाले मित्र आले, सोबत सून आणि तिच्या कडेवर तीन वर्षांची नात. "पोरीला खोकला सुटलाय. मी घेतो तीच बाटली दे, अर्धा चमचा पाजतो." मी म्हटलं, "काका, एवढ्या लहान पोराला खोकला दाबणारं औषध द्यायचं नसतं. गुंगी येते, श्वास मंदावू शकतो." ते भडकले. "तुझा अप्पा असता तर मुकाट बाटली दिली असती. गिऱ्हाईक घालवतेस तू!" दुकानातली सगळी माणसं ऐकत होती. माझे कान तापले, पण मी सुनेकडे वळले. "वहिनी, खोकला कधीपासून?" "दुपारी शेंगदाणे खात पळत होती, एकदम ठसका लागला. तेव्हापासून थांबतच नाही बघा." ताप नाही, सर्दी नाही. मी पोरीच्या छातीजवळ कान नेला, तर श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजत होती.

"काका, हा खोकला दाबायचा नाही. हिच्या श्वासनळीत काहीतरी अडकलंय." मी शटर ओढलं, ऑटो थांबवली आणि त्यांच्याबरोबरच बसले. "जल्दी होग्री," लवकर चला म्हणून ऑटोवाल्याला कन्नडात सांगत राहिले. काकांनी नातीला सुनेकडून घेऊन छातीशी धरलं होतं. हॉस्पिटलात पोरीला भूल देऊन, नळी घालून श्वासनलिकेतला शेंगदाण्याचा तुकडा काढला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "बरं झालं लगेच आणलीत. औषधानं खोकला दबला असता तर तुम्ही घरीच थांबला असता." काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "यव्वा, माझी आई," एवढंच म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मला मात्र त्या कॉरिडॉरमध्ये नाचावंसं वाटत होतं, अप्पा! आपण जिंकलो होतो. तुम्ही आणि मी.

काकांनी ही गोष्ट कन्नडात आणि मराठीत सगळ्या पेठेला सांगितली. आता माणसं पायरी चढता चढताच सांगतात, खोकला सुका आहे की ओला. कुणी झोपेची गोळी चालू असल्याचं आपणहून बोलतं. काल एक ऑटोवाला म्हणाला, "झोप आणणारं नको री अक्का, गाडी चालवायचीय." आणि ती पोर? परवा आली होती, काउंटरवर उभी राहून जोरजोरात गाणं म्हणत होती.

हे पत्र पाठवायचं कुठं? लिहून हलकं वाटलं, पुरे. पेठेत मला आता डॉक्टरीणबाई म्हणतात. तुम्ही असता तर "डॉक्टर नव्हे, औषधवाली" असं तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतंत. मीही करते, पण आधी तो शब्द नीट ऐकून घेते.