बाबांच्या मृत्यूची नोंद

आई, आज मला पुन्हा तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, तरी यायचा तो येतोच. झालं काय, शेजारची सून सकाळी आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जन्म-मृत्यूच्या कचेरीत होतात ना? माझ्या आजेसासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला हवाय, फार जुना आहे, कसा शोधायचा?" मी चहा टाकला आणि तिला बसवून सगळं सांगितलं. आधी नावाने बघायचं. नावाने नाही सापडलं तर तारखेने. तारीख पक्की नसेल तर तो अख्खा महिना वाचून काढायचा, आणि नावाकडे न बघता पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून खाली उतरायचं. आणि या सगळ्याच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला समोर बसवून विचारायचं की या माणसाला नावं किती होती. पोरगी हसली. "किती म्हणजे? एकच असणार ना." मी म्हटलं, "तू विचार तर खरी." ती गेली आणि मी चहाचं पातेलं इतकं खसाखसा घासलं की त्याचा कानच वाकला. हा एक प्रश्न मला सोळाव्या वर्षी कोणी शिकवला असता तर आपली खोली गेली नसती, असं मी जन्मभर लोकांना सांगत आले.

बाबा गेले ते संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. मुंबई कोणाची यावरून शहर पेटलं होतं, गोळीबार झाला होता, लालबागला रस्त्यात दगड आणि चपलांचा खच पडलेला, आणि आमचे बाबा या कशातही नव्हते. ते परळच्या इस्पितळात एका खाटेवर खोकत होते. गिरणीतला कापूस छातीत जाऊन बसला होता. संचारबंदीमुळे त्या दिवशी तू एकटीच त्यांच्यापाशी होतीस, मी चाळीत. ते गेले. इस्पितळात जखमी माणसांची रीघ, कारकुनाला मान वर करायला फुरसत नाही. त्याने तुला विचारलं, "नाव?" आणि तू खाली बघितलंस. नवऱ्याचं नाव तू जन्मात घेतलं नव्हतंस. त्याने पुन्हा विचारलं, "बाई, नाव सांगा, मागे लाइन आहे." तेव्हा तू पदराच्या गाठीतून बाबांचा गिरणीचा पास काढलास आणि त्याच्यासमोर ठेवलास. त्याने पासावरचं नाव उतरवून घेतलं. संपलं.

आता त्या पासाची गंमत. गंमत कसली, कर्म आमचं! गिरणीत आधी मोठे काका लागले होते. त्यांचे पाय सुजायला लागले, ते गावाला परतले, आणि त्यांच्या कायमच्या जागेवर त्यांच्याच नावाने बाबा उभे राहिले. साचाखात्याच्या, म्हणजे मागांच्या खात्याच्या, मुकादमाला ठाऊक, खात्यातल्या लोकांना ठाऊक, कोणी ब्र काढला नाही, कारण निम्म्या गिरणगावात हेच चाललेलं. भाऊ भावाच्या पासावर, भाचा मामाच्या. बारा वर्षं बाबा गिरणीत मोठ्या काकांच्या नावाला ओ देत होते. घरी तू त्यांना "अहो" म्हणायचीस, गाववाले "शेट" म्हणून चेष्टा करायचे. त्यांचं स्वतःचं नाव उरलं होतं दोनच ठिकाणी, माझ्या शाळेच्या दाखल्यावर आणि खोलीच्या भाडेपावतीवर. पासावर काय लिहिलंय ते तुला वाचता येत नव्हतं, पण ते नाव कोणाचं आहे हे माहीत होतं ना! आणि मोठ्या दिराचं नाव तर नवऱ्याच्या नावाहून सोवळ्यातलं. म्हणजे दोन्ही नावं तोंडात आणायची नाहीत, आणि यातलं काहीच माहीत नसलेल्या पोरीने मात्र कागद शोधायचा. वा!

कागद लागला खोलीसाठी. घरमालकाचा माणूस दारात येऊन म्हणाला, पावती तुमच्या नावावर करायची तर भाडेकरू मेल्याचा दाखला आणा. नाहीतर तो गावाला जाऊन बसलाय आणि तुम्ही पोटभाडेकरू, असं आम्ही धरणार, आणि खोली खाली करावी लागेल. चाळीतली पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. तूच मधे पडलीस. त्या दहा बाय बाराच्या खोलीवाचून आपल्याला मुंबईत दुसरा आसरा नव्हता. करी रोडच्या पुलावरून आपण दोघी नोंदणीच्या कचेरीत जायला लागलो, तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि मला वाटलं, एका सकाळचं काम आहे.

मी अजून तो हॉल बघते आहे. उंच मांडण्या, त्यांवर लाल कापडात बांधलेल्या नोंदवह्या, बांधलेल्या दोऱ्याला हात लावला की बोटं काळी होतात. तू दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेली, डोक्यावरून पदर. आत एक कारकून, गिरगावातले, खोताच्या वाडीजवळ राहणारे, बोलणं असं शुद्ध की मला आपण चूक बोलतोय असंच सारखं वाटायचं. ते नावांची यादी बघतात. "या नावाची व्यक्ती या महिन्यात मृत झालेली नाही, मुली." मी म्हणते, "अहो, झाली आहे. मी त्यांना नेताना बघितलंय." ते म्हणतात, "तू पाहिलेस. नोंदीने पाहिलेले नाही." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग इस्पितळात पाठवतात, इस्पितळवाले म्हणतात आमचे कागद तिकडेच गेले. स्मशानात जाते, तिथला माणूस म्हणतो त्या आठवड्यात इतकी प्रेतं आली, कुठलं नाव विचारतेस बये. पुन्हा कचेरीत यावं तर हरताळ. पुढच्या खेपेला मोर्चा. त्याच्या पुढच्या खेपेला साहेब रजेवर. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, मी तर म्हणेन सहा महिने थांबून पहिल्या खिडकीशी परत ये.

आणि दर वेळी बाहेर आले की तू विचारणार, "गावलो काय गो?" नाही म्हटलं की पदर सारखा करून उठणार. एकदा माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात, पुलावर, माणसं बघत असताना मी तुला ओरडले. "आई, तू इस्पितळात नाव तरी नीट सांगितलंस का?" तू बघितलंस माझ्याकडे. मग म्हणालीस, "त्यांचा नाव मी कसा घेव?" मी म्हटलं, "मग काय केलंस?" "पास दिलंय." एवढं बोलून तू चालायला लागलीस. मी मागून किंचाळले, "हळदीकुंकवाला बायका घेतात ना नाव? उखाण्यात घ्यायचं होतंस!" तू थांबलीस. वळली नाहीस. म्हणालीस, "मेलेल्या घोवाचो उखाणो घेतंत काय गो, चेडवा?" मी तुला ओलांडून पुढे निघाले. पण राग गेला नाही, आई. तो आणखीच चढला, कारण तुझ्यापुढे कायम असंच व्हायचं, चूक तुझी आणि मान खाली माझी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, निदान मी सांगितलं तेवढं. शिमग्याला गावाहून माणूस आला, म्हणाला मोठे काका गेले. आणि त्यानंतर आठवड्याभराने मला कचेरीत नोंद सापडली. तारीख बरोबर, चाळ आपली, खोली आपली, आजार छातीचा, आणि नाव मोठ्या काकांचं. साहेबांसमोर आपण दोघी उभ्या राहिलो. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ज्यांचं नाव लागलं आहे ते जिवंत असते तर प्रश्नच नव्हता. त्यांनी इथे येऊन अंगठा द्यायचा, की मी हा जिवंत आहे, गेला तो माझा धाकटा भाऊ. मी त्याच दिवशी दुरुस्ती केली असती. कुठे आहेत ते?" मी म्हटलं, "ते आता गेले." "कधी?" "शिमग्याला." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मी गावच्या पाटलाचा कागद आणू का विचारलं. म्हणाले, "आण. पण त्यावरून एकाच नावाची दोन माणसं मेली इतकंच ठरेल. एका नावाची दोन असतात." चाळीतले लोक साक्ष देतील म्हटलं, तर गिरणीत एवढी वर्षं हे खोटं नाव कसं चाललं ते आधी लिहून द्यावं लागेल म्हणाले. ते ऐकून येतो म्हणालेले सगळेच गाववाले मागे सरले. कोण आपल्या पोटावर पाय आणणार?

तेव्हा तू पुढे झालीस. कोणी तुला बोलावलं नव्हतं. टेबलाच्या कडेला हात धरलास, डोळे मिटलेस आणि बाबांचं नाव घेतलंस. नाव, आजोबांचं नाव, आडनाव. मोठ्याने. साऱ्या हॉलने मान वर केली. एवढं झाल्यावर साहेब हळूच म्हणाले, "ठीक आहे, बाई. पण हे नाव वहीत नाही." घरी आल्यावर चूल पेटवलीस, पेज केलीस, आणि जेवली नाहीस.

खोली गेली. रे रोडला लाकडाच्या वखारीमागे मामाने एक पडवी दिली, तिथे आपण राहिलो. भुसा ताटात, भुसा अंथरुणात. मी मॅट्रिक झाले, त्याच गिरगावच्या कारकुनांनी अर्ज लिहायला सांगितला, त्याच हॉलमध्ये मला नोकरी लागली, आणि तीस वर्षं मी लोकांना त्यांची मेलेली माणसं शोधून दिली. तू मात्र त्या पडवीतच गेलीस. शेवटच्या दिवसांत मधेच उठून बसायचीस आणि म्हणायचीस, "माज्या तोंडान खोली गेली गो. तेवाच नाव घेवक होया होता." मी म्हणायचे, "जाऊ दे आता." किती शहाणी मुलगी! जाऊ दे म्हणायची आणि पांघरूण सारखं करायची.

आता चोराच्या उलट्या बोंबा ऐक. शिमग्यानंतर मला ती नोंद सापडली हे खोटं आहे. ती मला त्याच्या आधी, गणपतीनंतरच्या आठवड्यात सापडली होती. नावाने काही निघेना म्हणून कारकुनांनी मला तो महिना अख्खा वाचायला दिला होता, खिडकीपाशी खुर्ची देऊन. मी पत्त्याच्या रकान्यावर बोट ठेवून उतरत होते आणि बोट आपल्या चाळीवर थांबलं. डावीकडे बघितलं तर मोठ्या काकांचं नाव. पुलावर तू पास दिल्याचं सांगून झालं होतं, त्यामुळे मला क्षणात सगळं कळलं. मोठे काका तेव्हा गावाला चांगले जिवंत होते. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर आले असते. पण आदल्याच रात्री तू म्हणाली होतीस, "कागद गावलो काय भावोजींका बोलवूया. येतीत तेवा तुकाय घेवन जातीत. त्यांनी स्थळ बघून ठेवल्यानी हा." आणि त्याच सकाळी कारकून म्हणाले होते, "तुझे अक्षर फार नेटके आहे. मॅट्रिक हो, इथे जागा निघतील." मी त्या खुर्चीत बसले होते, आई. मला तिथून उठायचं नव्हतं. मोठे काका आले की मला गावाला नेणार, एवढंच मला दिसत होतं. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू, वही कुठे पळून जातेय? आणि पान उलटलं. कारकुनांनी विचारलं, "काही मिळाले?" मी म्हटलं, "नाही."

काका मरतील हे मला काय ठाऊक, असं मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. खरंच ठाऊक नव्हतं. पण तू उठून बसायचीस आणि सगळा दोष स्वतःच्या तोंडाला लावायचीस तेव्हा तर मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य होतं सांगायला. तुझ्यावर चिडणं सोपं पडायचं, म्हणून चिडत राहिले.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे. तुला वाचता येत नव्हतं, गावाहून आलेली सगळी पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि खरं सांगते, उलटलेल्या पानाचा भाग आला असता तेव्हा तेवढं गाळून मी पुढचं वाचलं असतं.