माझा डी-डायमर आणि जनाचा पाय

साजगाव, मंगळवार

सौ. मैनाताईंना, तुमच्या धाकट्या बहिणीचा, जनाचा, नवरा हरेश याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि आमचे साडू, दोघेही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा आहे. इकडे मी ठणठणीत आहे (तुम्हाला ते आवडलं नसेल तर समजू शकतो). जनाबद्दल शेवटी लिहितो, आधी लिहायला धीर होत नाही. तुम्ही माझा फोन उचलत नाही. टेंपोवाल्या लडकूच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र त्याच्याच टेंपोतून भिवपुरीला पाठवतोय.

माझ्या पायाच्या प्रकरणाची तुम्हाला अर्धीच हकीकत कळली. गेल्या महिन्यात माझा उजवा पाय पोटरीपर्यंत सुजला तेव्हा कर्जतच्या डॉ. नाझियांनी डी-डायमर नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. शरीरात गुठळी होऊन विरघळू लागली की तिचे बारीक तुकडे रक्तात उतरतात, ते यात मोजतात, असं त्या म्हणाल्या. पुढचंही काही म्हणाल्या, पण माझं लक्ष सुईकडे होतं. रिपोर्ट मोबाइलवर आला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर, तोही ठळक अक्षरांत (बारावीत असे मार्क पडले असते तर मी आज कारखान्यात पाळ्या करत नसतो). मी समजलो, गुठळी आहे आणि आपलं आटोपलं. त्यात शेजारचा नागू म्हणाला, हलू नको, गुठळी छातीत चढेल. मग मी खाटेवर असा पडलो की माशी बसली तरी जनाने हाकलायची, घास तिने भरवायचा, रात्रभर उशाशी तिने बसायचं. कोंबडा नागूला देऊन टाकला (त्याने त्याच संध्याकाळी रस्सा केला, माझ्या मरणाची वाटही पाहिली नाही). आणि जाताना खरं बोलून जावं म्हणून तुम्हाला फोन करून सांगितलं की तुमच्या तांदळाच्या भाकऱ्या मला लग्नापासून जाड वाटतात. ताई, याचा मला फार पश्चात्ताप होतो.

शेवटी मला खाटेसकट टेंपोत घालून सोनोग्राफीला नेलं. शिरा सगळ्या मोकळ्या. टाचेत बांधावरचा काटा मोडून पू झाला होता. सूज त्याची आणि आकडाही त्याचाच. डॉ. नाझिया म्हणाल्या, "आकडा कमी आला असता तर गुठळी नाही समजून तुम्हाला घरी पाठवलं असतं. वाढला म्हणजे पुढे नीट बघायचं, एवढंच. जखमेनंही वाढतो, वयानंही वाढतो."

एवढं ऐकून गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण ज्याला चौघांनी खाटेवर उचलून नेलं, त्याला स्वतःच्या पायांनी घरी येताना काहीतरी बोलावं लागतं. म्हणून नळापासून देवळापर्यंत सांगत सुटलो की ती तपासणी भंपक आहे, नुसतं घाबरवायचं काम. लोक हसले आणि मला बरं वाटलं. जना सगळं ऐकत होती.

तुमच्या पंगतीला नालायक ठरलेला,
हरेश

ता. क. : भाकऱ्यांबद्दलचं बोलणं परत घेतो. पातळच असतात.

ता. क. दुसरा : जनाची डावी पोटरी कालपासून सुजली आहे. हात लावला की गरम लागते. काटा नाही, मी भिंग घेऊन टाच पाहिली. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या आजच्या आज आणा. आणि जना म्हणते, "तुमचा आकडा येवढा मोठा, अन् निघालं काय? काटा. तुमीच सांगत फिरलात ना? मला नाय जायाचं." ताई, माझ्या मरणाला सगळा गाव जमला होता. तिच्या पायाकडे बघायला मी एकटा, आणि माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकते. लडकूला तुमच्या दारात थांबायला सांगितलंय, त्याच टेंपोत बसून या. आल्यावर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी तिला कर्जतला न्या.

ता. क. तिसरा : आत्ताच तिने विचारलं, येवढं काय लिवताय. म्हटलं, ताईंची माफी मागतोय. "बरं केलंत," म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. लवकर या.