त्याला पकडलं कधी?

४ फेब्रुवारी

चि. ठमीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पुस्तक छापायला चाललंय हे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. चष्मेवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटली ती बाई कोण होती माहीत नाही, तिलाही सांगितलं. तू पाठवलेले कागद तुझी धाकटी बहीण मला वाचून दाखवते, मी शर्टांची काजं करत ऐकते. माझं शिक्षण तुला ठाऊकच, जोडाक्षर आलं की गाडी अडते. मांजर दोन पानांवर बसलं होतं, पण वाचता आली.

तो मोटारसायकलवाला काय रंगवलायस गं! मुलीच्या क्लासबाहेर रोज उभा, जिन्यात मनगट धरतो, दुसऱ्या कुणाशी बोलू नये म्हणून तिचा फोन फेकून देतो. ऐकताना मला सुई टोचली. म्हटलं, थांब मेल्या, आता तुझी वरात निघते! तर शेवटच्या पानावर ती त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवते. म्हणजे पुढची पानं पाठवायची राहिली ना? त्याला पकडलं कधी, ते कळव. धाकटीला विचारलं तर ती आधी खो खो हसली, मग एकदम गप्प झाली.

माया आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

९ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

पानं सगळी पोचलीत. आजी, तो खलनायक नाही गं, हीरो आहे! संपादकबाई म्हणतात, पंधरा-सोळाच्या मुलींना असाच लागतो, वरून दांडगट, आतून हळवा. मीही तसलीच पुस्तकं उशाशी घेऊन वाढले. तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रुसले, आता घास उतरत नाही. सोमवारी छपाई सुरू होतेय. धाकटी गप्प का झाली, तेवढं विचार.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी ठमी

१२ फेब्रुवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

हीरो? अगं बाई! वेणी घालताना धाकटीला विचारलं. तिच्या क्लासबाहेरही एक उभा असतो म्हणे. फोन हिसकावून तपासतो, कुणाशी बोललीस म्हणून दरडावतो. तिला भीती वाटायची, पण ताईच्या पुस्तकात यालाच प्रेम म्हटलंय, म्हणून बोलली नाही. काल तुझी आई क्लासच्या बाईंना भेटली, आता आणायला स्वतः जाते. पोर काल पोटभर जेवली.

तुझे आजोबा मला लग्नाचं विचारायला आले तेव्हा मी शिलाई मशीनवर होते. नाही म्हटलं. तर 'बरं' म्हणाले आणि छत्री विसरून निघून गेले. ना आरडाओरडा, ना पाळत. त्या एका 'बरं'वर मी अशी भाळले की छत्री द्यायला मीच गेले, आणि पुढे जन्मभर मीच बडबडले!

पुस्तक तुझं, हात तुझा. पण धाकटीसारख्या कितीजणी वाचतील गं?

जेव वेळेवर. माया तीच.
तुझी आजी

१६ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

छपाई थांबवली. संपादकबाई खूप फणफणल्या. मग मी धाकटीचं सांगितलं, तेव्हा स्वतःच कागद परत हातात दिले.

त्याला पकडलं गं, आजी. मुलगीच पकडून देते. शेवटी एक दुसराच येतो, नाही म्हटल्यावर 'बरं' म्हणतो. छत्री तुझ्याकडून उसनी घेतलीय.

नवी पानं सोबत आहेत. धाकटीला मोठ्यानं वाचायला सांग. ती जिथे गप्प होईल तिथे खूण कर आणि मला परत पाठव.

दोघींचा लोभ हवाय.
तुझी ठमी