गळालेलं शिंग

३ मार्च

चि. ढमीस, अ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. वाघ दिसला नाही, पण वनरक्षक नणंदेचा रुबाब दिसला, असं तुझी वहिनी शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. एक गंमत कळवतो. पाणवठ्याजवळ तू वायरलेसवर बोलत होतीस, तेव्हा मला सांबराचं गळालेलं शिंग सापडलं. आता आमच्या दाराशी लावलंय, छत्री अडकवायला झकास. सवडीने येऊन बघ.

तब्येतीला जप.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून घाबरले. राष्ट्रीय उद्यानातलं गळालेलं शिंगसुद्धा उचलणं गुन्हा आहे. शिंगांना गिऱ्हाईक मिळालं, की ती गळायची वाट कोण बघतो? म्हणून कायदा इतका कडक.

तुम्ही यायच्या आधीच मी शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीवर असल्याच शिंगापायी गुन्हा नोंदवला. बिचारी पाया पडत होती. तिचं ऐकलं नाही, मग तुझं कसं ऐकू? साहेबांना सांगून टाकलंय. चौकशी दुसरा वनरक्षक करील. तुझ्या मास्तरकीचं काय होईल या विचाराने रडू येतं. माझ्यावर हवा तितका रागाव, पण शिंग घेऊन ये.

वहिनीला नमस्कार सांगायचं धाडस होत नाही.

तुझी ढमी

१५ मार्च

चि. ढमीस,

वहिनी म्हणते, सख्खी बहीण वैरीण निघाली. साहेबांकडे जाण्याआधी मला एका शब्दाने विचारायचंस तरी! शिंग भिंतीवरून काढलंय. नदीत फेकू की तुझ्याकडे आणू, ठरत नाही.

दादा

२४ मार्च

चि. ढमीस, अ. आ.

काल तुमच्या कचेरीत येऊन जबाब दिला. तुला मुद्दाम गस्तीवर धाडलं होतं म्हणे, त्यामुळे भेट झाली नाही. प्रकरण कोर्टात जाणार, शाळेलाही कळणार. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

आत जाण्याआधी बघतो तर बाहेरच्या बाकावर तुझी म्हातारी ऐसपैस बसली होती. वनरक्षकीणबाई गरिबालाच धरते, स्वतःच्या माणसांना हात लावेल का, असं म्हणत येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा उद्धार ऐकवत होती. मी आपला उभाच. तिने विचारलं, तू कोण? मी म्हटलं, त्याच बाईचा थोरला भाऊ, आणि पिशवीतलं शिंग दाखवलं. तिची बडबड थांबली. मग ती पाय आवरून सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.

घरातला राग निवळायला वेळ लागेल. तोवर माया पातळ करू नकोस.

तुझा दादा