रेडिएटरमधलं नवं तेल

बाबा, तुझं डोकं गेलं नव्हतं. हे तुला तू असताना सांगायचं होतं, आणि नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं मी तुला सुनावत बसले. आता तू जाऊन सहा वर्षं झाली आणि मी वहीचं पान फाडून लिहायला बसलेय. मला लिहायचा कंटाळा, तुला माहीत आहे. चौथीतून उठले ती सरळ तुझ्या गॅरेजात आले. तेव्हा चुकलंमाकलं असेल तर असू दे, तू कुठं मास्तर होतास.

परवा एक जुनी जीप आली, साजगावच्या कारखान्यात बायकांना नेणारी. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत दुधाच्या चहासारखं तपकिरी, घट्ट. मालक म्हणाला, "ताई, इंजिनचं हेड गेलं ना? सगळे तेच सांगतात." मी आधी तेलाची पट्टी ओढून बघितली. काळंभोर तेल, पांढरा थेंब नाही, पण पातळी खाली गेलेली. म्हणजे तेल पाण्यात जातंय, पाणी तेलात येत नाही. इंजिन चालू असताना तेलाचा जोर पाण्याहून जास्त, वाट मिळाली की तेलच आधी घुसतं. आणि अशी वाट बहुतेक वेळा ऑइल कूलरमध्ये असते, तिथं तेल आणि पाणी एका पातळ पत्र्याच्या दोन बाजूंना वाहतं. हे सगळं तुझंच. कूलर काढला, टपात बुडवला, हवा सोडली आणि बुडबुडे वर आले. हेडला हात लावायची वेळच आली नाही. मालक खूश. म्हणाला, "बाबांचा हात आलाय बघ तुला." मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा चहा न पिता गेला.

कारण मला पाववाल्या चाचांचा टेंपो आठवला. तुला तर तो तिथं वरही आठवत असेल. रोज सकाळी दहिवलीतून निघून खालापूरपर्यंत पाव पोचवायचा तो म्हातारा टेंपो. त्या दिवशी अर्ध्या रस्त्यात तापला, म्हणून चाचा दुसऱ्या गाडीला दोरीनं बांधून ओढत घेऊन आले. मी झाकण उघडते, आत तेल. तू मागून येतोस, धोतराला हात पुसतोस, म्हणतोस, "थांब गं, आधी बोटावर घे." मी म्हणते, "तुझं बोटावर घेऊन होईपर्यंत चाचांच्या पावाला बुरशी येईल. हेड गॅस्केट गेलंय, आंधळ्याला पण दिसंल." चाचा हसतात, "बाप-लेकीत मी कुठं पडू? करा काय ते, पण उद्या गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडंल." तू बाकावर जाऊन बसतोस. मी इंजिनच्या माथ्यावरचं हेड उतरवते. दीड दिवस गेला त्यात. खालचं गॅस्केट चांगलं, हेड लोखंडी पट्टी लावून बघितलं तर सरळ, कुठं चीर नाही. मग कूलर काढला, टपात बुडवला. एक बुडबुडा नाही. मी चिडून पाना आपटला.

तेव्हा तू उठलास. रेडिएटरमधून काढलेलं ते पाणी बादलीत होतं, त्यात दोन बोटं बुडवलीस आणि उजेडाला धरलीस. वरचा फेस ताकासारखा पांढरट होता, चहासारखा नव्हता. ते मी दीड दिवस बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. तू म्हणालास, "ह्ये इंजिनचं तेल नाय गं. डिझेल गाडीचं तेल काळं असतंय. ह्ये नवं हाय. कुनीतरी वरनं वतलंय."

बाबा, तू स्वतःच सांगितलंस. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी विचारलं, "कोणी ओतलं?" चाचांनी तुझ्याकडं बघितलं. चार दिवसांपूर्वी ते जाताजाता थांबले होते आणि रेडिएटरमध्ये पाणी तूच घातलं होतंस. तू आठवायला लागलास. मग हळू म्हणालास, "मीच वतलं असंल."

आणि मी बोलले. चाचांच्या समोर, नाक्यावरच्या दोघा-तिघांच्या समोर बोलले. "पाणी काय, तेल काय, कळत नाय तर हात कशाला घालतोस? आता गाडीला हात लावायचा नाय. बस घरी."  चाचाच म्हणाले, "अगं पोरी, बाप हाय तुझा." तू नळावर गेलास, साबणानं हात धुतलेस, बोटांच्या पेरांतून सुद्धा, जसे तू फक्त लग्नाला जाताना धुवायचास. त्यानंतर तू पान्याला हात लावला नाहीस. बाकावर बसायचास. कोणी म्हणालं, "बाबा, जरा आवाज ऐका ना इंजिनचा," तर म्हणायचास, "पोरीला इचारा."

आता ऐक. तुझा नियम होता, दाराच्या उजव्या हाताला पाण्याचा डबा, डाव्या हाताला तेलाचा. का, तर गाडी चालू असताना नजर आणि कान इंजिनवर पाहिजेत, डबा हातानं शोधायचा. सगळे हसायचे तुला. मीही. चाचांचं हेड परत बसवून झालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी झाडायला लागले आणि उजव्या हाताचा डबा उचलला. आत तळाशी सोनेरी तेल. मग आठवलं. चाचा पाण्याला थांबले होते त्या सकाळी तेलाच्या डब्याचं बूड गळत होतं, म्हणून मी उरलेलं तेल दोन मिनिटांसाठी पाण्याच्या रिकाम्या डब्यात ओतलं होतं. घाईत. मग कोणाचा तरी ब्रेक बघायला गेले आणि विसरले. डबा दारात उन्हात तापला, तेल पाण्यासारखं पातळ झालं. चाचांची घाई, तुझा कान इंजिनला लावलेला, आणि तुझा हात चाळीस वर्षं जिथं जायचा तिथंच गेला. तू काहीच चुकला नव्हतास. मी डबा साबणानं तीन वेळा धुतला, पाणी भरलं आणि जागेवर ठेवला.

सांगणार होते. संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या म्हटलं. नाक्यावर सगळ्यांसमोर बोललेलं सगळ्यांसमोरच मागं घ्यावं लागणार होतं, आणि माझ्या तोंडाला ती सवय नाही. त्यातून तू एकटाच एसटीनं जाऊन डोळे तपासून आलास. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला म्हणतील, सगळं मिटेल. तू आईला चपला काढता काढता सांगितलंस, "डोळं बरं हायत म्हनाला डागतर." आई म्हणाली, "मग बरं झालं की." तू म्हणालास, "बरं कसं? डोळं बरं हायत, म्हंजी डोसकं गेलं." मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मला सगळं ऐकू आलं. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, डबा मी बदलला. मी भाकरी उलटली.

मग तू स्वतःवर पाळत ठेवायला लागलास. कडी लावली का, ते चारदा बघायचास. नातवंडांची नावं मनातल्या मनात म्हणायचास, ओठ हलायचे. कोणी वार विचारला तर आधी कॅलेंडरकडं बघून मग सांगायचास, आणि सांगितलेला वार कधीच चुकला नाही. मी ते सगळं बघत होते. सात महिने. मग ताप आला, छातीत कफ भरला, तीन दिवसांत गेलास. शेवटच्या दिवशी माझा हात धरून तू विचारलंस, "तूच ना गं?" पोरगी ओळखता येते की नाही हे तू तपासत होतास. मी म्हणाले, "मीच, बाबा." तुला वाटलं मी फक्त नाव सांगतेय. मला वाटलं मी कबूल केलं. सहा वर्षं मी त्यावरच भागवलं. पण ते कबूल करणं नव्हतं, बाबा, ती पळवाट होती.

लोक अजून म्हणतात, शेवटी म्हाताऱ्याचं डोकं चालत नव्हतं, रेडिएटरात तेल ओतलं होतं. मी मान हलवते. आईसुद्धा तेच म्हणते. ती आत्ता माझ्यासमोरच बसून पावटे सोलतेय. तिला वाचता येत नाही, म्हणून तर तिच्यासमोर बसून लिहायची हिंमत झाली. मघाशी तिनं विचारलं, "यवढं काय लिवतंस गं?" मी म्हटलं, "काय नाय. खोपोलीवरनं आणायच्या सामानाची यादी."