आशीर्वादाचा हात

मेहरूण, जळगाव
२२ नोव्हेंबर १९९६

प्रिय सुकदेव,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहोत. थंडी पडली आहे, भरताची वांगी बाजारात आली आहेत. लग्नसराईमुळे माझे दोन्ही कॅमेरे सारखे बाहेर असतात. तुझ्या ऑफिसचं पत्र मिळालं. कंपनीच्या समारंभात दाखवायला आपली पहिली कॅसेट हवी आहे, तुझ्याकडची प्रत खराब झाली म्हणे. पत्र टाइप केलेलं, खाली सही कोणा मॅडमची. असू दे, तुला वेळ नसेल.

मागच्या आठवड्यात धुळ्याला गेलो होतो. तुझे आबा बसस्टँडवर भेटले. त्यांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. "वाच ना, मोठ्यानं वाच," म्हणाले. वाचलं. कॉम्प्युटरवर मालिकांतल्या देवांचे बाण उडवणारी, जाहिरातीत अक्षरं नाचवणारी तुझी कंपनी. फोटोत तू आणि तुझा भागीदार, एकमेकांच्या खांद्यावर हात. "छान आहे, आबा," म्हणालो आणि बसमध्ये येऊन बसलो. पारोळा कधी मागे पडलं, कळलंच नाही.

त्या भागीदाराचं नाव मी इथे लिहीत नाही. माणूस चांगला असेल. पण तुझ्या शेजारच्या खुर्चीवर तो बसतो, हे मला सोसत नाही. बायको म्हणते, "सवतीसारखे काय जळता?" मी हसण्यावारी नेलं. पण जळतो, हे खरं आहे.

आपली ती पहिली कॅसेट, पन्नालाल शेठच्या मुलीचं लग्न, आठवतं? नवरीची आजी, धनकुंवरबाई, लग्नाच्या तोंडावर वारल्या. शेठ म्हणाले, "काहीही करा, पण कॅसेटमध्ये माझ्या आईचा आशीर्वाद दिसला पाहिजे." आपल्याकडे होता तो एक कॉम्प्युटर आणि आजीचा एक फोटो. फोटोत दोन्ही हात मांडीवर. मग आपण माझ्या आईला निळ्या चादरीपुढे बसवलं, तिचा वर गेलेला हात टिपला, निळा रंग कॉम्प्युटरवर पुसला आणि तो हात फोटोतल्या आजीला लावला.

"पोऱ्याहो, कितला येळ हात वर धरू? तव्यावर भाकर शे!" आई ओरडत होती. तूच धावत जाऊन भाकर उलटलीस. धुळ्याहून आयटीआयला आलास तेव्हापासून आमच्याच घरी जेवत होतास. तिला माय म्हणायचास.

शेठच्या घरी कॅसेट लागली तेव्हा अख्खी गल्ली रडली. हात कोणाचा, हे कोणाला सांगायचं नाही, असं आपणच ठरवलं होतं. त्याच घरी आई धान्य निवडायला जायची, आणि तिला पाणी मिळायचं ते ओंजळीत, वरून ओतलेलं.

त्या कॅसेटची प्रत दाखवून तुला मुंबईत पहिली नोकरी मिळाली. पुढे कंपनी निघाली. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

पण कात्रणात तुझा भागीदार म्हणतो, "आमच्या पहिल्या कामात आम्ही माझ्या आईचा हात वापरला होता." आणि शेजारी तू हसतो आहेस.

माझं नाव गाळलंस, ते गिळलं. पण तो हातही तू त्याला देऊन टाकलास? आई गेली तेव्हा मातीलासुद्धा आला नव्हतास.

धुळ्याहून आलो, दुकान उघडलं आणि ती कॅसेट मशीनमध्ये घातली. पुसूनच टाकणार होतो. तेवढ्यात काठी टेकत सुगनबाई आल्या, पन्नालाल शेठच्या पत्नी. त्यांच्या घरच्या कॅसेटला बुरशी लागली होती, दुसरी हवी होती. मी लावून दाखवली. पडद्यावर हात वर गेला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, हा हात तुमच्या सासूबाईंचा नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या मनगटावर गोंदण नव्हतं. पार्वताबाई माझ्यासमोर बसून गहू निवडायची. तो हात मी ओळखणार नाही?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर शेठनी कॅसेट जाळली असती. माझ्या मुलीला आशीर्वाद हवा होता."

उठताना म्हणाल्या, "पाणी मात्र मी वरूनच ओतत राहिले."

कॅसेट मी त्यांना देऊन टाकली. माझ्याकडे प्रतही ठेवली नाही. तुझ्या समारंभाला ती मिळणार नाही, याचा मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? त्या आनंदाची लाजही वाटते, पण लाजेपेक्षा आनंद जास्त आहे.

आबांना मी काही बोललो नाही. चारचौघांत ते कात्रण दाखवताना त्यांचा चेहरा फुलला होता, म्हणून.

तुला कॅसेट बघायची असेल तर जळगावला ये. एकटा ये. सुगनबाईंच्या घरी मी तुझ्यासोबत येईन. माहीत असूनही त्या विचारतील, हात कोणाचा. तेव्हा मी बोलणार नाही, तू सांगायचंस.

'तुझा' लिहावं की नाही, ठरत नाही.

पार्वताबाईचा मुलगा,
अभिमन