सॉकर आपल्याकडे का चालत नाही, आणि मी शनिवारी लिंकनला का आलो नाही

थोरले बंधू ड्वेनदादा यांच्या दोन्ही गुडघ्यांना (डॉक्टरांनी बसवलेल्या नव्याला आणि आईबाबांनी दिलेल्या जुन्याला) धाकट्या आर्लनचा लांबूनच नमस्कार. नवा गुडघा आता रुळला असेल, जिना चढताना कुरकुरत नसेल, आणि बेव्हर्लीवहिनी तुझ्यापासून पाय लपवून ठेवत असतील (चेरी भरून भाजलेला गोड पाय म्हणतोय, तुझा नव्हे), असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. मक्याची कापणी अर्ध्यावर आली आहे, गावभर भुसा उडतोय आणि माझ्या शिंका दरवर्षीप्रमाणे चालू आहेत.

तू रविवारी फोन केलास, एकच वाक्य बोललास आणि ठेवून दिलास. "तुझ्या जागेवर काल माझा कोट बसला होता." दादा, लागलं रे ते मला. लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममधल्या, बाबांनी मागं ठेवलेल्या त्या दोन जागांपैकी माझी जागा मी आजवर दोनदाच रिकामी ठेवली. एकदा माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा, आणि एकदा माझ्या स्वतःच्या लग्नाच्या दिवशी. (तारीख मॅक्सीनने ठरवली होती. बिचारी आता देवाघरी आहे, तेव्हा जाऊ दे. पण त्या दिवशी निम्मे पाहुणे चर्चबाहेर गाड्यांत बसून रेडिओ ऐकत होते आणि पाद्रीबाबा सुद्धा मधूनच बाहेर डोकावत होते, हे तुला आठवत असेलच, कारण त्यांना स्कोअर खुणेनं सांगणारा तूच होतास.) तेव्हा तिसऱ्यांदा का चुकलो ते सांगणं मला भाग आहे, आणि सॉकरबद्दल बोलल्याशिवाय ते सांगता येत नाही. तेव्हा गुडघा स्टुलावर ठेव आणि निवांत वाच.

आर्डिसला तू ओळखतोस. शाळेची पिवळी बस चालवायची ती. नुसतं आरशातून मागं बघितलं की अख्खी बस चिडीचूप व्हायची, ती. तिचे यजमान लॉइड वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या जेवणाला आम्ही शेजारीशेजारी बसलो, पुढच्या जेवणालाही बसलो, आणि मग बाकीच्यांनीच आमच्यासाठी त्या दोन खुर्च्या सोडायला सुरुवात केली. हसू नकोस. मी या वयात मॅक्सीननंतर पुन्हा कुणाच्या गाडीचा आवाज ओळखायला लागेन असं मलाही वाटलं नव्हतं. दोन घरं, दोन घरांची गवतं, दोन ठिकाणी एकेका माणसापुरतं शिजवायचं आणि टीव्हीशी बोलत जेवायचं, याला काही अर्थ नाही असं मला उन्हाळ्यापासून वाटत होतं. एकदा सरळ विचारून टाकायचं, एवढंच राहिलं होतं. आणि अशा गोष्टी कुठं विचारायच्या असतात ते तुला सांगायला नको. तू वहिनीला मागणी घातलीस ती लिंकनच्या सामन्यात, पंच खेळ थांबवून साखळीनं चेंडूचं अंतर मोजायला मैदानात आले होते तेव्हा. साखळी ताणेपर्यंत तुझं विचारून झालं, वहिनी हो म्हणाल्या, आणि तरी खेळ सुरू व्हायला अवकाश होता.

तर मी आर्डिसला म्हणालो, शनिवारी माझ्याबरोबर लिंकनला सामन्याला चल. ती म्हणाली, शनिवारी ब्रिनचा सामना आहे, तूच माझ्याबरोबर चल, आणि बसायला आपली खुर्ची आण. ब्रिन ही तिची नात. सॉकरमध्ये गोलात उभी असते. मी मनात म्हटलं, सामना तो सामना, आपलं काम होण्याशी मतलब. इथंच माझं चुकलं.

दादा, जगात बाकीचे लोक या खेळाला फुटबॉल म्हणतात. म्हणू देत. फुटबॉल म्हणजे चेंडू पोटाशी कवटाळून पळायचा आणि चौघांनी मिळून खाली पाडायचा, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी वाद कशाला घाला. पण देवानं माणसाला दोन हात दिले आणि या लोकांनी ते खेळातून बादच करून टाकले, याला काय म्हणावं? मुलांना काटाचमचा धरता यावा म्हणून आपण जेवढा जीव आटवतो तेवढा दुसऱ्या कशासाठी आटवत नाही, आणि मग मैदानावर नेऊन त्यांना सांगायचं की हात लावलास तर शिट्टी वाजेल. म्हणूनच आपल्याकडे पोरं दात पडायच्या वयात सॉकर सुरू करतात आणि नवे दात पुरते आले की सोडतात. मधल्या काळात संत्र्याच्या फोडी खातात आणि जिंको वा हरो, प्रत्येकाला पदक मिळतं. (माझ्याकडच्या लिलावांत प्रत्येक घरच्या सामानात अशा पदकांचं एक खोकं निघायचं. जन्मभर लिलाव पुकारले मी, खराब झालेला पेरणीयंत्राचा सांगाडा विकला, तीन पायांचं टेबल विकलं, पण ते खोकं कुणी फुकट सुद्धा उचललं नाही.)

पण हातांचं मी सहन केलं असतं. खरी गोची वेगळीच आहे, आणि माझ्या मते आपल्या लोकांनी सॉकरला घरात न घेण्याचं खरं कारण तेच आहे. तो खेळ थांबतच नाही. आपला खेळ कसा शहाण्यासारखा आहे. धडक झाली की सगळे उठतात, अंग झटकतात, घोळका करून काय ते ठरवतात, आणि तेवढ्यात आपण पीक काय म्हणतंय, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या पोराला कुठं नोकरी लागली, सगळं बोलून घेतो. तीन तास बसतो आपण तिथं, त्यात खरा खेळ किती होतो? कॉफी निवत नाही तेवढ्यात संपेल एवढा. उरलेला वेळ माणसांसाठी असतो. आणि इथं ही चव्वेचाळीस पायांची गर्दी अखंड पळतेय, गोल तर होत नाहीच, पण नजर काढली तर झालाच म्हणून समजा, असा धाक. आर्डिसने नजर काढली नाही. तिने बस चालवताना कधी रस्त्यावरून काढली नाही, तर इथं काय काढणार.

मी खुर्ची उघडली, बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "आर्डिस, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"आपण दोघंही आता..."

"ब्रिन, डावीकडे बघ. तुझ्या डावीकडे, बाळा, माझ्या नाही."

चेंडू लांब गेला. मी पुन्हा सुरुवात केली की दोन घरांचं गवत कापण्यापेक्षा... "थांब, कॉर्नर आहे," ती म्हणाली. कॉर्नर झाला, मला वाटलं आता तरी घोळका करतील, कुणीतरी साखळी आणेल. कसली साखळी. चेंडू लगेच दुसऱ्या टोकाला. मग मी गवताचा विषय सोडला आणि भट्टीवरून आत शिरायचा प्रयत्न केला (म्हणजे हिवाळ्यात दोन घरं तापवण्यावरून), तर ती म्हणाली की तुझी भट्टी बिघडली असेल तर डेलमारला बोलव, शेती सांभाळून भट्ट्याही तो बऱ्या दुरुस्त करतो. शेवटी तोंडात आलेलं वाक्य मी इतक्या वेळा गिळलं की माझी भूक मेली.

मग मध्यंतर झालं. आता तू म्हणशील, गाढवा, तेव्हा विचारायचं. दादा, तू तरी काय केलं असतंस? शिट्टी वाजली आणि माझे पाय मला न विचारता उठले आणि खाण्याच्या टेबलाकडे चालायला लागले. बाबांनी लहानपणापासून लावलेली सवय ती. रांगेत पोचल्यावर मला समजलं की मी काय करून बसलो, पण तोवर माझ्या मागं चौघं उभे होते आणि पुढं डेलमार होता, जो मला त्याच्या कापणीयंत्राचा पट्टा कसा तुटला ते पहिल्यापासून सांगत होता. मी दोन वाडगे चिली (खिमा-राजम्याचा तो तिखट रस्सा) आणि दोन दालचिनीचे रोल घेऊन धापा टाकत परत आलो तर उत्तरार्ध सुरू. आर्डिस म्हणाली, "कुठं गेला होतास? मला वाटलं आता तरी काय ते सांगशील." मी एक वाडगा तिच्या हातात दिला आणि माझा घेऊन खुर्चीत बसलो.

आता घड्याळाचं ऐक. आपल्याकडे घड्याळ उलटं पळतं, सगळ्या गावाला दिसतं, आणि शून्य झालं की झालं. इथं वेळ संपली असं माझं घड्याळ सांगत होतं, चिली संपली होती, आणि पोरी अजून पळतच होत्या. मी विचारलं, हे संपणार कधी. आर्डिस म्हणाली, पंच सांगेल तेव्हा. म्हणजे नक्की कधी ते कुणालाच माहीत नाही? पंचाला माहीत आहे ना, ती म्हणाली. दादा, पंच म्हणजे आपल्या दंतवैद्याची मुलगी, अजून कॉलेजात आहे. अख्ख्या मैदानाची वेळ तिच्या मनगटावर. आता वाजेल की मग वाजेल, आणि वाजली की ब्रिन धावत येणार, तिची आई येणार, सगळे गाडीत बसणार आणि मी पुन्हा टीव्हीशी बोलत जेवणार. मग जे मला येतं तेच मी केलं. मोठा श्वास घेतला आणि लिलावाच्या वेगात एका दमात सगळं पुकारलं, की आर्डिस तू एकटी मी एकटा दोन घरं दोन गवतं लग्न करशील का माझ्याशी एक वार दोन वार. तीन वार म्हणायचं धाडस झालं नाही.

तिनं मान वळवली. दिवसभरात पहिल्यांदा चेंडूवरून नजर काढली, आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या मुलीने मारलेला चेंडू खांबावर खाडकन आपटला आणि बाहेर गेला. सगळे ओरडले. तिनं तिकडं पाहिलं सुद्धा नाही. मला म्हणाली, "आर्लन, जन्मभर एका माणसाचे मोजे धुतले. आता एकटीचे धुवायला बरं वाटतं बघ. पण तू आज लिंकन सोडून आलास, ते मला फार आवडलं. पुढच्या शनिवारी खुर्ची इथंच मांड."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे शून्य-शून्य," ती म्हणाली, आणि शिट्टी वाजली.

मैदानावरही तसंच. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, पोरींनी एकमेकींचे हात मिळवले आणि संत्र्यांवर तुटून पडल्या. डेलमार मला विचारतो, कोण जिंकलं? म्हटलं कुणीच नाही. मग आता काय? म्हटलं, आता घरी जायचं. तरी तो खुर्ची बगलेत मारून कितीतरी वेळ उभा होता, न जाणो कुणी जादा वेळ सुरू केला तर. आपली माणसं हरलेलं सोसतात रे, दोन दिवस जेवत नाहीत आणि मग जेवतात. पण बरोबरी घरी नेऊन ठेवायची कुठं, हे त्यांना समजत नाही. मलाही समजत नव्हतं. पण खरं सांगतो, घरी आलो, सूप गरम केलं आणि टीव्ही लावायचा विसरलो. फार बरं वाटत होतं. नाही म्हणाली नाही ना ती. खुर्ची मांड म्हणाली.

तेव्हा सॉकरबद्दलचं माझं मत कायम आहे. या देशात तो खेळ कधी रुजायचा नाही. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
आर्लन

ता.क. वरचं सॉकरबद्दलचं कॉफीच्या टेबलावर कुणाला वाचून दाखवू नकोस. सॉकर क्लबवाल्यांना ध्वनिवर्धकावर खेळाडूंची नावं पुकारायला माणूस हवा होता, आणि आर्डिसने माझं नाव सुचवलं. मी हो म्हणून बसलोय.

ता.क. दुसरा. एक सांगायचं राहिलं, म्हणजे खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो होतो. त्या दिवशी आर्डिसची खुर्ची तिच्या गाडीपर्यंत नेऊन दिली तेव्हा ती म्हणाली, बरोबरी फक्त साखळी सामन्यांत चालते, पुढच्या शनिवारपासून बाद फेरी आहे, तिथं बरोबरी ठेवत नाहीत, कितीही उशीर होवो, निकाल त्याच दिवशी लावतात. मी म्हटलं, बरं. ती गाडीत बसली, गाडी सुरू केली, मग काच खाली करून तेच सगळं पुन्हा सांगितलं आणि माझ्याकडे आरशातून बघत निघून गेली. तर दादा, आईची अंगठी वहिनींच्या बटणांच्या डब्यात आहे ती मला हवी आहे. टपालावर माझा विश्वास नाही. तू स्वतः घेऊन ये, येत्या शनिवारी सकाळी, आणि शेवटपर्यंत माझ्या शेजारी बस. लिंकनचा सामनाही त्याच वेळी आहे, हे मला ठाऊक आहे.